सेव्हन पॉइंट वन कुणाच्या कानांसाठी? वडगावच्या एका विणकर घरातलं प्रकरण

बेळगावच्या वडगाव भागातल्या एका विणकर कुटुंबानं दिवाळीच्या ऑनलाइन सेलमध्ये वायरलेस हेडफोन घेतला. खोक्यावर मोठ्या आकड्यांत '७.१ सराउंड' छापलेलं, म्हणजे सभोवतालचे सात स्पीकर आणि बासचा एक अशा आठ वाहिन्यांचा (आवाजाच्या आठ वेगळ्या प्रवाहांचा) भास. हेडफोन दोघांसाठी होता: इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाच्या गेमसाठी आणि रात्री माग बंद झाल्यावर चित्रपट बघणाऱ्या त्याच्या वडिलांसाठी. थोड्याच दिवसांत दोघंही नाराज झाले. मुलाचं म्हणणं, गोळी झाडल्यावर आवाज उशिरा येतो. वडिलांचं म्हणणं, आवाज भरपूर आहे पण शब्द कळत नाहीत. पैसे पाण्यात गेले असं घरात ठरूनही गेलं होतं. मी टीव्ही आणि साउंड बसवायची कामं करतो आणि मुलाचे वडील, म्हणजे दादा, माझे आतेभाऊ, म्हणून तो हेडफोन खोक्यासकट माझ्याकडे आला.

तक्रारी एकाच वस्तूबद्दल होत्या, पण त्यांची कारणं अगदी वेगळी निघाली. त्यातलं एक कारण तर हेडफोनमध्ये नव्हतंच. असा अनुभव आणखी घरांत येत असणार, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे. घरातल्यांची परवानगी आहे, पण नावं देत नाही. कंपनीचं नावही देत नाही, कारण दोष कंपनीपेक्षा निवडीत जास्त होता.

घर आणि गरज

वडगाव, खासबाग, शहापूर या पट्ट्यात अजून बरीच घरं अशी आहेत की पुढे राहती जागा आणि मागे पत्र्याखाली माग. या घरात धोट्याचे चार यंत्रमाग आहेत. सकाळी सुरू होतात आणि काम असलं की रात्रीपर्यंत चालतात. मध्ये हेस्कॉमची लाईट गेली तर तेवढीच काय ती शांतता. माग आणि हॉल यांच्यात एक भिंत आणि एक दार. हॉलमध्ये टीव्ही, त्याच हॉलच्या कोपऱ्यात मुलाचा असेंबल केलेला कॉम्प्युटर. आतल्या खोलीत आजी आणि बारावीतली मुलगी.

माग थांबले की आजीला झोप हवी आणि मुलीला अभ्यासाला शांतता. नेमक्या त्याच वेळी दादा टीव्हीसमोर बसणार, आणि त्यांच्या टीव्हीचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जाणार. हेडफोनचा विषय वैनींनीच काढला. "दोघांना मिळून एकच घे, उगीच दोन कशाला," असं त्यांनी मुलाला सांगितलं. त्यानं शोधून घेतलेल्या हेडफोनमध्ये सगळंच होतं: ब्लूटूथ, माइक, मोठ्या वाट्या, भरपूर चालणारी बॅटरी आणि ७.१. टीव्हीला जोडता येतो, कॉम्प्युटरला जोडता येतो, फोनला जोडता येतो. कागदावर बघितलं तर वैनींची अट तंतोतंत पूर्ण झाली होती.

मुलाची तक्रार

मुलगा ज्या प्रकारचे खेळ खेळतो त्यात पावलांचा आवाज कुठून आला हे ओळखण्यावर जिंकणं-हरणं असतं. त्याला उशीर जाणवत होता, पण तो नेमका किती हे सांगता येत नव्हतं. ते मोजायला महागडं उपकरण लागत नाही. फोनचा रेकॉर्डर चालू करून हेडफोनच्या वाटीला टेकवला आणि गेममध्ये माउस दाबून गोळी झाडली. रेकॉर्डिंगमध्ये आधी माउसची टिक येते, मग गोळीचा आवाज. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती फाइल उघडली की दोन्हींमधलं अंतर मिलिसेकंदांत वाचता येतं. हाच प्रयोग साध्या वायरच्या हेडफोननं केला. गेमचा आणि कॉम्प्युटरचा स्वतःचा उशीर दोन्ही वेळा सारखाच असतो, त्यामुळे दोन आकड्यांतला फरक म्हणजे वायरलेसमुळे वाढलेला उशीर. तो सुमारे दोनशे मिलिसेकंद निघाला. सेकंदाचा पाचवा हिस्सा! एवढ्या वेळात समोरचा खेळाडू कोपऱ्याआड गेलेला असतो.

यात हेडफोन बिघडलेला नव्हता. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून लहान केला जातो, तुकड्यांत पाठवला जातो, आणि एखादा तुकडा वाटेत हरवला तरी गाणं तुटू नये म्हणून हेडफोन थोडा साठा करून मगच वाजवतो. एसबीसी या सर्वसाधारण कोडेकमध्ये, म्हणजे आवाज दाबायच्या-उलगडायच्या पद्धतीत, दीडशे-दोनशे मिलिसेकंद किंवा त्याहून थोडा जास्त उशीर होणं ही रोजची गोष्ट. ॲपटीएक्स लो लेटन्सीमध्ये तो चाळीसच्या आसपास येतो, पण ते कोडेक पाठवणाऱ्या आणि ऐकणाऱ्या अशा दोन्ही यंत्रांत असावं लागतं. ब्लूटूथच्या नव्या एलई ऑडिओ प्रकारालाही हीच अट. हेडफोनच्या खोक्यावर नाव छापलं म्हणून कॉम्प्युटरच्या ब्लूटूथला ते बोलता येतं असं नाही.

उशिरापेक्षाही वाईट गोष्ट पुढे सापडली. मित्रांशी बोलण्यासाठी त्यानं माइक चालू केला की खेळाचा सगळा आवाज जुन्या टेलिफोनसारखा चपटा व्हायचा. ब्लूटूथमध्ये गाणी ऐकायची वाट वेगळी आणि बोलायची वाट वेगळी. माइक लागला की हेडफोन बोलायच्या वाटेवर जातो, आणि तिथं आवाज एकाच वाहिनीचा होतो. दर सेकंदाला आठ हजार किंवा फार तर सोळा हजार नमुने घेतले जातात, म्हणजे चार किंवा आठ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं गायब. डावं-उजवं नाही, पुढचं-मागचं नाही. सराउंडचा हेडफोन घेऊन पोरगा एका वाहिनीवर खेळत होता, आणि ते कुठल्याच खोक्यावर लिहिलेलं नसतं.

मग ७.१ होतं कुठं?

हेडफोनच्या दोन वाट्यांत एकेकच स्पीकर होता, आणि बाजारातल्या जवळजवळ सगळ्या सराउंड हेडफोनमध्ये तसंच असतं. त्यात फसवणूक नाही. माणसालाही कान दोनच आहेत आणि तरी मागून आलेली रिक्षा त्याला मागेच ऐकू येते. मागचा आवाज डोक्याला आणि कानाच्या पाळीला वळसा घालून आत शिरताना जसा बदलतो, तसाच बदल गणितानं करून दोन स्पीकरमधून सोडला तर मेंदू तो मागचा मानतो. या गणिताला एचआरटीएफ म्हणतात.

महत्त्वाचा प्रश्न हा की हे गणित कोण करतं, आणि करताना त्याच्या हातात किती वाहिन्या असतात. ब्लूटूथच्या गाण्याच्या वाटेनं दोनच वाहिन्या जातात. त्या हेडफोनवरचं ७.१ चं बटण हेडफोनच्या आत काम करत होतं, म्हणजे वाटेत आठाच्या दोन झाल्यावर. मागचं-पुढचं काय होतं हे त्याला कळायला मार्गच नव्हता. ते आलेल्या दोन वाहिन्यांना घुमवून पसरट करायचं, एवढंच. मोठ्या हॉलचा भास होतो, दिशा मिळत नाही.

गणित कॉम्प्युटरमध्येच झालं तर मात्र चित्र पालटतं. विंडोजमध्ये २०१७ पासून 'विंडोज सोनिक' मोफत आहे. आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन स्पेशियल साउंडखाली ते निवडायचं. डॉल्बी ॲटमॉस फॉर हेडफोन्स आणि डीटीएसचं हेडफोन:एक्स हे पैसे देऊन मिळतात. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक यांसारख्या खेळांच्या सेटिंगमध्ये स्वतःचं एचआरटीएफ असतं, आणि खेळाला प्रत्येक पाऊल नेमकं कुठं पडलं हे ठाऊक असल्यामुळे ते सगळ्यांत अचूक. प्लेस्टेशन ५ मध्येही हे काम यंत्रच करतं, त्यामुळे साधा वायरचा स्टिरिओ हेडफोनही तिथं चालतो. फक्त प्लेस्टेशन ५ ब्लूटूथ हेडफोन थेट घेत नाही, हे टिळकवाडीतल्या एका गिऱ्हाइकाला मला खरेदीनंतर सांगावं लागलं होतं.

थोडक्यात, मुलाला गरज होती ती जलद वाटेची. सराउंड त्याच्या कॉम्प्युटरमध्ये आधीपासूनच होतं.

खडेबाजारातली दुसरी खरेदी

ऑनलाइन परतीची मुदत उलटून गेली होती. दुसरा हेडफोन आम्ही खडेबाजारातल्या दुकानातून घेतला, आणि मुलानं स्वतःचा लॅपटॉपवाला मित्र सोबत आणला होता म्हणून तिथंच जोडून बघता आला. यूएसबी डोंगलचा (कॉम्प्युटरला खोचायच्या छोट्या ट्रान्समीटरचा), २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा, साध्या स्टिरिओचा. किंमत पहिल्यापेक्षा हजारभर रुपये जास्तच, आणि खोक्यावर ७.१ नाही. मुलाचा चेहरा थोडा पडला, हे खरं. जास्त पैसे देऊन कमी आकडा कुणाला आवडेल?

ब्लूटूथसुद्धा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतं. पट्टा तोच, पण डोंगल आणि हेडफोन एकाच कारखान्याची जोडी असल्यामुळे त्यांची आपसांतली भाषा स्वतःची असते. साठा अगदी थोडा ठेवतात आणि माइकसाठी वेगळी जागा राखतात. घरी येऊन तोच टिक-आवाजाचा प्रयोग केला तर वायरपेक्षा फरक तीसेक मिलिसेकंदांच्या आसपास. माइक चालू केला तरी खेळाचा आवाज बदलला नाही. हे दुकानातच तपासलं होतं, आणि माझ्या मते दुकानात तपासायची हीच एक गोष्ट: माइक चालू करून गाणं लावायचं आणि ते चपटं होतंय का ऐकायचं. दुकानदार बास ऐकवतील, लाल-निळे दिवे दाखवतील. ते नंतर बघता येतं.

वॉरंटीचं इथल्या माणसाला जास्त बघावं लागतं. अनेक कंपन्यांचं सर्व्हिस सेंटर बेळगावात नसतं. मग हुबळीला जा नाहीतर कोल्हापूरला. खानापूर, चिकोडी भागातल्या काही पिनकोडला परतीची वस्तू न्यायलाही कुणी येत नाही. पक्कं बिल आणि 'कुठं द्यायचं' याचं उत्तर दुकानातूनच घेतलेलं बरं. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मुलाच्या फोनमध्ये टाकून दिला.

नवा हेडफोनही लगेच सुरळीत चालला नाही. मुलगा पाण्याला म्हणून स्वयंपाकघरात गेला की आवाज तुटायचा, कधी कधी जागेवर बसूनही. डोंगल कॅबिनेटच्या मागच्या बाजूला निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये होतं, शेजारच्याच पोर्टमध्ये हार्ड डिस्क, पुढे पत्र्याचं कॅबिनेट आणि मागे भिंत. यूएसबी ३ च्या वायरींतून आणि पोर्टांतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट बाहेर पडतो. इंटेलनं २०१२ मध्येच यावर सविस्तर कागद काढला होता. उपाय स्वस्त आहे: हातभर लांबीची यूएसबी २ ची एक्स्टेंशन वायर. डोंगल टेबलावर, डोळ्यांसमोर आणून ठेवलं. वायफायची गर्दीही त्याच पट्ट्यात नको म्हणून राउटरचं कॉम्प्युटरशी असलेलं कनेक्शन पाच गिगाहर्ट्झवर नेलं. तुटणं थांबलं. हेडफोन 'खराब' म्हणून परत करणाऱ्या किती जणांना या वायरीनं वाचवलं असतं असं मला नेहमी वाटतं.

त्यानंतरही मुलगा म्हणाला, "काका, मागचा आवाज आता पुढून येतोय." त्यानं उत्साहात विंडोज सोनिक चालू केलं होतं आणि खेळातलं एचआरटीएफसुद्धा. आधीच छापलेल्या पातळावर दुसऱ्या नक्षीचा छाप मारल्यासारखं झालं: दोन्ही नक्षी गेल्या. खेळाचं चालू ठेवलं, विंडोजचं बंद केलं. दिशा लागली. ज्या खेळात स्वतःची सोय नाही तिथं उलट करायचं: खेळात ७.१ स्पीकर निवडायचे आणि विंडोज सोनिक चालू ठेवायचं. एका वेळी एकच.

दादांचे कान

इथपर्यंतचं काम तंत्राचं होतं. दादांची तक्रार त्यात बसत नव्हती. उशिराबद्दल ते बोलतच नव्हते. "आवाज येतोय रे, पण माणूस काय बोलतोय ते कळंना झालंय," एवढंच त्यांचं म्हणणं. ७.१ चं बटण दाबलं की आणखी कळेनासं व्हायचं. टीव्हीच्या स्पीकरवरही कळत नव्हतं, म्हणूनच तर आवाज गल्लीपर्यंत जात होता. पण हे सगळ्यांनी सवयीचं मानलं होतं.

मी दोघांनाही एकाच खुर्चीवर बसवून एक चाचणी घेतली. आठ वाहिन्यांचा चाचणी आवाज कॉम्प्युटरवर लावायचा, विंडोज सोनिक चालू, डोळे मिटलेले. आवाज जिकडून येईल तिकडे बोट दाखवायचं. मुलगा डावं-उजवं न चुकता दाखवत होता आणि बाजूचं-मागचं बऱ्याचदा बरोबर ओळखत होता. समोरच्या वाहिनीला मात्र तोही गोंधळला. दादांनी डावं-उजवं अचूक दाखवलं आणि मागचा एकही आवाज मागे दाखवला नाही. सगळं एकतर कानाशेजारी, नाहीतर डोक्याच्या आत.

याचं कारण शरीरात आहे. आवाज डावीकडून आला तर उजव्या कानाला तो जरासा उशिरा पोचतो, जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद. मेंदू एवढा बारीक फरक पकडतो, आणि तो मुख्यतः खालच्या पट्टीच्या आवाजांवरून पकडतो. त्यामुळे वयानं किंवा गोंगाटानं कान थोडे गेले तरी डावं-उजवं शाबूत राहतं. पुढचं आणि मागचं ओळखायला हा फरक उपयोगी पडत नाही, कारण नाकासमोरून आणि पाठीमागून आलेला आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी पोचतो. तिथं कामाला येतात कानाच्या पाळीच्या वळ्या. त्या आवाजातल्या वरच्या पट्टीला, साधारण चार-पाच किलोहर्ट्झच्या पुढच्या भागाला, दिशेप्रमाणे वेगवेगळा आकार देतात. हेडफोनचं गणित याच भागात फेरफार करतं. तो भाग ऐकूच येत नसेल तर सराउंडचा सारा खटाटोप त्या माणसासाठी झालेलाच नसतो.

दादांचा तो भाग गेलेला असावा अशी शंका मला चाचणी संपायच्या आधीच आली होती. धोट्याच्या मागाशेजारी उभ्या माणसाशी बोलताना ओरडावं लागतं, आणि दादा पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून मागावर आहेत. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमात आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे, पण घरामागच्या चार मागांत ती मोजायला कोण येतो? मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. ऑडिओग्राम, म्हणजे कुठल्या पट्टीचा आवाज किती ऐकू येतो याचा आलेख, काढला. कागदावरची रेघ खालच्या पट्ट्यांत बऱ्यापैकी वर, आणि चार किलोहर्ट्झपाशी खोल खड्डा. गोंगाटात काम केलेल्या माणसांच्या कागदावर हा खड्डा इतका नेहमीचा आहे की डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो, "काम कशाचं करता?"

शब्द का कळत नव्हते तेही त्याच कागदावर होतं. स्वर खालच्या पट्टीत असतात, त्यामुळे 'आवाज येतो'. पण स, श, च, त, फ, ख अशा व्यंजनांची ओळख वरच्या पट्टीत असते. ती गेली की 'सात' आणि 'साफ' सारखेच वाटतात. दादा कन्नड चित्रपटही तितक्याच आवडीनं बघतात आणि तिथंही हीच अडचण. त्यात ७.१ चं बटण संवादाला हॉलची घुमक जोडत होतं, म्हणजे उरलीसुरली व्यंजनंही पुसत होतं. घरात सगळे म्हणत होते की दादांना हेडफोन वापरता येत नाही. त्यांचे कान जे सांगत होते ते खरं होतं आणि आम्ही सगळेच खोक्यावर विश्वास ठेवून बसलो होतो, हे मी त्यांना वैनींसमोर स्पष्ट सांगितलं.

सराउंडचा फायदा गेमला जास्त आणि चित्रपटाला कमी का, याचंही उत्तर या दोघांकडे बघताना माझ्यापुरतं पक्कं झालं. खऱ्या जगात आवाज पुढून की मागून असा गोंधळ झाला तर आपण नकळत मान थोडी वळवतो आणि कळतं. हेडफोनमध्ये मान वळवली तर सगळा आवाज मानेबरोबरच वळतो, म्हणून गोंधळ तसाच राहतो. मान कुठं वळली हे ओळखणारे काही महाग हेडफोन सोडले तर हे सगळीकडे सारखंच. गेममध्ये मात्र मुलगा माउसनं नजर फिरवतो, आणि पावलांचा आवाज त्याप्रमाणे डावीकडून उजवीकडे सरकतो. माउस त्याच्या मानेचं काम करतो. चित्रपट बघणाऱ्याच्या हातात असं काही नसतं. शिवाय सेट-टॉप बॉक्सवरून येणारे बहुतेक चित्रपट आवाजाच्या दोनच वाहिन्यांत येतात. मागच्या वाहिन्या मुळात नाहीत, त्या हेडफोननं कुठून आणाव्यात?

पहिल्या हेडफोनला घर मिळालं

उशिराचा प्रश्न चित्रपटात वेगळा सुटतो. गेममध्ये बोट दाबल्यानंतरच आवाज जन्माला येतो, म्हणून तो आधी पाठवता येत नाही. चित्रपटात पुढे काय येणार हे यंत्राला आधीच ठाऊक असतं, म्हणून आवाजाला उशीर होत असेल तर चित्रच तेवढं थांबवता येतं. फोनवरची बरीच व्हिडिओ ॲप हे गुपचूप करतात. काही टीव्हींमध्ये त्यासाठी 'ए/व्ही सिंक' अशी सेटिंग असते, आणि सुदैवानं दादांच्या टीव्हीत ती होती. बघणारा थोडा उशीर सोसूही शकतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला तर लक्षात येतो, पण मागे पडला तर साधारण १२५ मिलिसेकंदांपर्यंत खटकत नाही. वीज आधी दिसते आणि गडगडाट नंतर, याची माणसाला सवयच आहे.

म्हणून पहिला ब्लूटूथ हेडफोन दादांना दिला. ७.१ चं बटण बंद. टीव्हीत आवाजाचा प्रकार 'क्लिअर व्हॉइस', ए/व्ही सिंक चालू. बास दोन पायऱ्या खाली आणि वरची पट्टी थोडी वर. सबटायटल असतील तिथं चालू. वस्तू तीच, पण आता ती योग्य कानांवर बसली. दादांना सगळे शब्द कळतात असं नाही, पण आता मुलाला "काय म्हणाला रे?" असं विचारणं बरंच कमी झालं आहे.

ज्यांच्या टीव्हीत ब्लूटूथ नाही, किंवा ए/व्ही सिंक नाही, त्यांनी ऑप्टिकल वायरीवर चालणारे रेडिओ हेडफोन बघावेत. तळावर ठेवायचा ट्रान्समीटर, त्यालाच चार्जिंग. सोनीच्या डब्ल्यूएच-एल६०० सारखे संच ऑप्टिकल आणि एचडीएमआय दोन्ही घेतात आणि डॉल्बी डिजिटल, म्हणजे दाबून पाठवलेला अनेक वाहिन्यांचा आवाज, उलगडतात. साधे संच ते उलगडत नाहीत. तसा संच जोडल्यावर काहीच ऐकू आलं नाही तर टीव्हीच्या डिजिटल आउटपुटमध्ये 'पीसीएम', म्हणजे न दाबलेला आवाज, निवडून बघा. माझ्याकडे 'नवीन हेडफोन मुका आहे' म्हणून आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच या एका सेटिंगवर मिटतात.

राहिलेलं काम

मला खरी काळजी मुलाची आहे. तो संध्याकाळी माग चालू असतानाच खेळतो. बंद वाट्यांचा हेडफोन मधल्या पट्टीचा गोंगाट थोडा अडवतो, पण ठोक्याची खालची धमधम भिंतीतून येतेच, आणि तिच्यावर मात करायला हात आपोआप आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे, लहान मुलांसाठी ७५. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, आणि ९२ ला अडीच तास. ९२ डेसिबलवर एका शनिवारच्या संध्याकाळी आठवड्याचा वाटा संपतो. हा हिशेब मी त्याला दादांचा ऑडिओग्राम समोर ठेवून करून दाखवला. त्यानं माग चालू असतानाचा खेळ बंद केला नाही, पण विंडोजमध्ये आवाजाची वरची हद्द बांधली आणि पावलं मोठी व स्फोट लहान करणारं 'नाइट मोड' सेटिंग खेळात चालू केलं. सुट्टीच्या दिवशी तो मागावर बसतो तेव्हा फोमचे कानबोळे घालायचे, हे वैनींनी ठरवलं आहे आणि त्या ते सोडणार नाहीत.

दादांना डॉक्टरांनी श्रवणयंत्र लावून बघायला सांगितलं आहे. ते आलं की हेडफोनचा विचार पुन्हा करावा लागेल. कानामागच्या यंत्रावर मोठी वाटी दाबून बसली तर ते शीळ घालू लागतं, आणि काही श्रवणयंत्रं टीव्हीचा आवाज एका छोट्या पेटीमार्फत थेट घेतात, त्यांना हेडफोन लागतच नाही. अशी पेटी मिळणारं यंत्र त्यांच्या आवाक्यात बसतं का, याची चौकशी सध्या चालू आहे.